आणलेल्या कळा

तारीख उलटून चार दिवस झाले होते. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, हातकणंगल्याला होते आणि नाव कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात घातलं होतं. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं, की बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी आहे, पण लगेच काळजीचं नाही. रोज तपासत दोन-तीन दिवस थांबता येईल, नाहीतर उद्या दाखल व्हा, औषधानं कळा आणू. आईचं मत थांबायचं होतं. "पोर त्याच्या येळंला येतंय की. घाई कशापायी?" ती म्हणाली. पण नवऱ्याला आठवडाभराचीच रजा मिळाली होती आणि त्यातला एक दिवस नोकरीच्या लांबच्या गावाहून येण्यातच गेला होता. मीही इतकी जड झाले होते, की चप्पल घालतानासुद्धा भिंत धरावी लागे. मी म्हटलं, "उद्याच करूया." हे शब्द माझे. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

सकाळी दाखल झाले आणि गर्भपिशवीचं तोंड मऊ व्हायला आत जेल लावलं. दिवसभर पोटात नुसती ओढ लागत राहिली. संध्याकाळी पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणमोट फोडली, सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं आणि बाळाचे ठोके बघायला पोटावर पट्टा बांधला. त्यानंतर खाटेवरून उठणं नाही. आईनं सांगितलं होतं, कळ येते नि जाते, मधे दम खायला मिळतो. या कळांना मधलं असं काही नव्हतं. एक ओसरायच्या आत दुसरी चढायची. नर्सबाई थेंब वाढवायच्या. बाळाचे ठोके मंदावले की कमी करायच्या, सावरले की पुन्हा वाढवायच्या. दुपारी डॉक्टरबाईंनी तपासलं. सकाळी होतं तेवढंच तोंड उघडलंय, म्हणाल्या. तीनच्या सुमाराला ठोके खाली गेले ते वर येईनात. सिझरच्या कागदावर मी जी सही केली, ती माझी मलाच ओळखता आली नसती.

मुलगी रडलेली ऐकली. मग गर्भाशय आवळत नाहीये, एवढं डॉक्टरबाई कुणाला तरी म्हणाल्या आणि मला पूर्ण भूल दिली.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. रक्त थांबेना, बाटल्यांवर बाटल्या चढवल्या, शेवटी गर्भाशय काढावं लागलं, असं त्यांनी सांगितलं. नवरा खिडकीशी पाठमोरा उभा होता. त्या कागदावर सही त्यानं केली होती. मी विचारलं, "थांबले असते तर?"

दिवसभर औषधावर राबलेलं गर्भाशय कधी कधी असं सैल पडतं, हे त्यांनी मान्य केलं. पण आपसूक कळा आलेल्या बायकांचंही असं झालेलं पाहिलंय, म्हणाल्या. "खरं सांगू? मला ठाऊक नाही."

कुठल्याही बाजूचं खोटं त्या बोलल्या असत्या, तरी मी ते धरून बसले असते.

सव्वीस वर्षांची होते मी. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, पोरगी गोड हाय, जीव वाचला, आनि काय पायजे? मी मान हलवायचे. सासरी कुणी टोचून बोललं नाही. सासूबाईंनी माझ्यासमोर दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणाचा विषय काढणंच बंद केलं, ते जास्त लागलं. मुलीला पाजताना मी भिंतीकडे बघत असायचे. पहिल्या चार महिन्यांतला तिचा चेहरा मला आठवत नाही. तो मी फोटोत बघितलाय.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचे दिवस भरले. तिचा माहेराहून फोन आला. रक्तदाब वाढलाय, कळा आणूया म्हणतायत. "ताई, काय करू?" तिचं थांबणं धोक्याचं होतं, हे मला कळत होतं. तरी तोंडातून शब्द फुटेना. शेवटी आईनं तिच्या हातातून फोन घेतला आणि आम्ही बघतो, म्हणाली.

बहीण दाखल झाली आणि सहा तासांत मोकळी झाली. टाकेसुद्धा मोजकेच. आईनं कळवलं तेव्हा मी "बरं झालं" म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

बारशालाही गेले नाही. मुलीला ताप आलाय, असं फोनवर सांगितलं. मुलगी शेजारीच चित्र रंगवत बसली होती. तिनं वर बघितलं. "मला कुठं ताप आलाय?" तिनं विचारलं.