पेटी थांबेना

देवजी गेला तोसुद्धा उशिरा गेला, असं त्याची बायको चंद्राबाई सांगते. शहापूरच्या डॉक्टरांनी दोन दिवसांची मुदत दिली होती, हा नऊ दिवस थांबला. लेक सारिका सासरहून आली, मनोजला कंपनीतून रजा मिळाली, धसईचा मेव्हणा दोन येष्ट्या बदलून आला आणि त्यानं चहा घेतला, तेव्हा कुठं ह्यानं डोळे मिटले. "जिता होता तवा कुनाला सोडून पुढं गेला नाय, मरताना तरी कसा जाईल?" भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची. ऐकणारे डोळे पुसायचे. तिचा आवाज मात्र चिडलेलाच असायचा.

चिडायला कारणही तसंच होतं. देवजी रेल्वेत फाटकवाला होता, खर्डी आणि कसाऱ्याच्या मधल्या फाटकावर. तिथं त्याचा कारभार घड्याळाच्या काट्यावर चालायचा. गाडीची घंटा झाली की फाटक खाली, मग पलीकडं आमदाराची गाडी असो की नवरदेवाची. एकदा खुद्द पाळकसाहेबांना त्यानं उन्हात पंधरा मिनिटं उभं केलं होतं आणि वर हात जोडून "जय ख्रिस्त"ही म्हणाला होता. रविवारची सकाळ मोकळी मिळावी म्हणून तो दुसऱ्यांच्या रात्रपाळ्या आपल्या अंगावर घ्यायचा, आणि तांबारलेल्या डोळ्यांनी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून देवळात गीतं वाजवायला पेटीपुढं जाऊन बसायचा. आणि एकदा का पेटीपुढं बसला, की ह्याच माणसाला घड्याळ दिसायचं बंद व्हायचं.

देऊळ म्हणजे स्टेशनापलीकडचं छोटं पत्र्याचं ख्रिस्ती देऊळ. मंडळी म्हणाल तर तीस-पस्तीस घरांची. तिथली रीत अशी, की पहिलं गीत संपून पेटी थांबल्याशिवाय पाळकानं प्रार्थनेला उभं राहायचं नाही. कुणी घालून दिली ठाऊक नाही, पण देवजीनं तिचा पुरेपूर फायदा घेतला. चार कडव्यांचं गीत संपत आलं की तो मान वळवून मागच्या बाकाकडं बघायचा. मागचा बाक डोंगरातल्या पाड्यावरच्या लोकांचा. ती माणसं दीड तास उतरून खाली यायची, मग रस्त्यावर जीप मिळाली तर मिळाली. बाक रिकामा दिसला की देवजीचा हात भात्यावरून निघायचा नाही. शेवटच्या कडव्याचा सूर तसाच लांबवून तो सरळ पहिल्या कडव्यावर यायचा. मंडळी बिचारी पुन्हा पहिल्यापासून. दहाची उपासना साडेदहाला, कधी पावणेअकराला सुरू व्हायची.

एक्केचाळीस वर्षांत पाच पाळक आले आणि गेले. प्रत्येकानं पहिल्या महिन्यात त्याला बाजूला घेऊन समजावलं. देवजी मान खाली घालून ऐकायचा, म्हणायचा, "होय बाबा, पुढच्या रविवारपास्नं." पुढच्या रविवारी पालथ्या घड्यावर पाणी.

देवळापुरतं असतं तर चंद्राबाईनं सोसलं असतं. पण घरातही हीच तऱ्हा. घरातलं शेवटचं माणूस आल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत. मनोज कॉलेजात जायला लागल्यापासून त्याची गाडी कधी वेळेवर आली असेल तर शपथ. आमटी एकदा गरम करा, दोनदा करा, भाकरी वातड झाल्या की पुन्हा तव्यावर टाका. तिकडं मनोज आसनगावला मित्रांबरोबर वडापाव खाऊन निवांत यायचा आणि म्हणायचा, "मला भूक नाही." चंद्राबाई उलथनं आपटायची. देवजी शांतपणे पाटावर बसून म्हणायचा, "भूक नसली तरी बसूदे की आपल्यासंगं."

आणि सारिकाचं लग्न! ते आठवलं की अजून तिचं डोकं फिरतं. मे महिन्याचं ऊन, पत्र्याचं देऊळ, दारात नटून उभी पोरगी, आणि बापानं काय करावं? पेटीवर दुसरं कुणी बसेना म्हणून हाच बसला. नवऱ्या मुलाचा लंगडा मामा मुरबाडहून यायचा होता, म्हणून ह्यानं प्रवेशाचं गीत अकरा वेळा वाजवलं. चंद्राबाईनं बोटांवर मोजलं होतं. सारिकाच्या कपाळावरची पावडर घामानं गळ्यात उतरली. पाळकांना पुढं शहापूरला दुसरं लग्न लावायचं होतं, ते घड्याळाकडं बघून बघून थकले. अखेर मामा काठी टेकत आला, बाकावर बसला, आणि मगच ह्यानं मुलीला आत येऊ दिलं. तो मामा आजही प्रत्येक नाताळला चंद्राबाईकडं फराळाला येतो आणि तीच गोष्ट सगळ्यांना सांगतो. चंद्राबाई आत जाऊन भांडी घासायला घेते.

तेव्हा देवजीच्या स्मरणाची उपासना ठरली, त्या दिवशीच तिनं मनाशी ठरवलं, निदान ही तरी वेळेवर झाली पाहिजे. एक्केचाळीस वर्षांत एकदा तरी तिला दहाची उपासना दहाला बघायची होती. नवीन पाळक महेंद्र वक्तशीर माणूस होता. तो फोनमध्ये गजर लावून उपदेश करायचा. चंद्राबाई स्वतः त्याच्याकडं गेली.

"दहा म्हंजे दहा," ती म्हणाली. "कुनाची वाट बघू नका. एक वाजता जेवनं वाढायचीत."

"अगदी दहाला, चंद्रामावशी," पाळक म्हणाला. त्याचा चेहरा असा खुलला की तिला त्याचीही थोडी चीड आली.

त्या शनिवारी सगळं वेळेवर झालं. माणसं आली. पुढं टेबलावर देवजीचा फोटो, त्याच्याशेजारी मिटलेली पेटी, तिच्यावर शेवंतीचा हार. पाळकाची बायको योगिनी कीबोर्ड घेऊन बसली होती. दहाला तिनं सूर धरला आणि मंडळी उभी राहिली. देवजीचंच आवडतं गीत होतं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. कीबोर्ड असा स्वच्छ वाजत होता की चंद्राबाईला कसंसंच वाटलं, पण वेळेत चाललंय म्हणून ती समाधानानं गात राहिली. चौथं कडवं सुरू झालं आणि नकळत तिची मान मागं वळली.

मागचा बाक रिकामा होता.

पाड्यावरची बारकी आली नव्हती. पाड्यावरचं कुणीच आलं नव्हतं. देवजी आजारी होता तेव्हा ही बारकी दर दोन दिवसांनी वालाच्या शेंगा नाहीतर कोंबडीची चार अंडी घेऊन डोंगर उतरायची. आता ती वाटेत कुठंतरी असणार, जीप मिळाली नसणार, आणि इथं आपल्या हट्टापायी तिच्याविना प्रार्थना सुरू व्हायची वेळ आली होती. चंद्राबाईनं स्वतःला बजावलं, दहा म्हणजे दहा, आपणच सांगितलंय. चौथं कडवं संपलं. योगिनीनं बोटं उचलली. पाळकानं घसा साफ केला आणि तो प्रार्थनेला उभा राहायला लागला.

चंद्राबाईनं पहिलं कडवं पुन्हा सुरू केलं.

तिचा आवाज म्हणजे आनंदच होता. देवजी स्वतः म्हणायचा, तू गातेस तेव्हा पेटी बिचकते. वर सूरही चुकीचा धरलेला, फार उंच. पाळक अर्धवट वाकलेला तसाच राहिला. मनोज कुजबुजला, "आई, अगं झालं गीत." तिनं त्याच्या मनगटावर चापट मारली आणि आणखी मोठ्यानं गायला लागली. दुसऱ्या ओळीला तीन-चार बाया तिच्याबरोबर आल्या, तिसऱ्या ओळीला सगळी मंडळी. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, वर्षानुवर्षांची सवय होती. योगिनी घाबरून कीबोर्डवर सूर शोधत राहिली, पाळक खाली बसला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्या माणसाची मेल्यावरही गेली नाही, उलट माझ्या बोकांडी बसली, असं मनातल्या मनात म्हणत आणि त्याला वाट्टेल ते बोलत ती गात होती.

सहाव्या खेपेला तिचा घसा बसला. सातव्या खेपेला दारात बारकी दिसली. डोक्यावर शेंगांचं गाठोडं, मागं पाड्यावरच्या आठ-नऊ बाया-पुरुष, सगळे धुळीनं भरलेले. चपला दाराशी काढून ते मागच्या बाकावर बसले. चंद्राबाईनं कडवं पुरं केलं आणि पाळकाला हातानं खूण केली, आता करा सुरू. तेव्हा दहा पस्तीस झाले होते.

प्रार्थना झाली, वचन वाचून झालं. मग साक्षी सुरू झाल्या. एकेकानं उठून देवजीबद्दल दोन शब्द बोलायचे, पाळकानं प्रत्येकाला दोन मिनिटं नेमून दिली होती. सगळे चांगलंच बोलले, आणि सगळे तेच तेच बोलले. शेवटी बारकी उठली. तिला असं उभं राहून बोलायची सवय नव्हती, ती पदर चुरगाळत बोलली.

"आमी खालच्या वळनावर होतो तवा गानं आयकू आलं. मंग घाई नाय केली. देवजी मास्तर असंच करायचे आमच्यासाटी. एकदा मी त्यांना बोलले, मास्तर, आमच्यापायी समद्यांचा खोळंबा होतो, तुमी सुरू करीत जा. तर हसले. बोलले, बारके, मीबी आदी टायमावर पेटी बंद करायचो. मनोज सा महिन्यांचा होता, नाताळ होता. आमची चंद्रा धसईला माहेरी होती, पोराला घेऊन एकटी निघाली. मुरबाडला येष्टी बंद पडली. ती इथं पोचली तवर शेवटचा आशीर्वाद होऊन दाराला कडी लागली होती. पायरीवर बसून रडत होती. मला बोलली, तुमच्या पेटीला माज्यापायी आनखी चार कडवी वाजवता नाय आली? मंग आठ दिस माज्याशी बोलली नाय. तवापास्नं, बारके, माजा हातच थांबत नाय बघ."

बारकी खाली बसली.

चंद्राबाई हे साफ विसरून गेली होती. आता तिला ती पायरी आठवली, दाराची कडी आठवली, मांडीवर ओला झालेला, किरकिरणारा मनोज आठवला. ती असंच म्हणाली होती, अगदी ह्याच शब्दांत. आणि मग जन्मभर त्याच गोष्टीसाठी त्या माणसाला घालून पाडून बोलत राहिली होती, उलथनं आपटत राहिली होती. त्यानं एकदाही उलटून सांगितलं नव्हतं. तिला भयंकर राग आला, आणि तो राग कुणावर काढावा हेच तिला कळेना. नवरा गेल्यापासून न रडलेली ती बाई जागच्या जागी हमसून हमसून रडायला लागली. सारिका तिला धरायला उठली, तर तिनं सारिकाचा हात झिडकारला आणि टेबलावरच्या फोटोकडं बघत, बसलेल्या आवाजात म्हणाली,

"आठ नाय, अकरा दिस बोलले नवते मी. अवो, मंग सांगायचं ना मला कवातरी!"