साहेब, मला काढून टाका की!

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मंदी आली आणि शनिवारी कामावरून काढायच्या माणसांची यादी लागणार, अशी कुणकुण लागली. मी पडलो सुपरवायझर. आपल्याला काढलं, हे गल्लीत कोण ऐकून घेणार? म्हणून शुक्रवारीच बाणेदार राजीनामा लिहिला, 'मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.' निरोपाची शाल आणि नारळही मीच विकत नेला, आणि फोटो स्टेटसला लावला.

दोन महिने घरी बसल्यावर कळलं, की नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला सरकार काही दिवस भत्ता देतं. गेलो विमा कार्यालयात. खिडकीतल्या बाईंनी राजीनामा वाचला.

"काका, काढलेल्यांनाच मिळतो हा. तुम्ही तर स्वतः सोडलीय."

"ते आपलं लिहायचं म्हणून लिहिलं हो, मॅडम."

"मग काढल्याचं पत्र आणा."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरपुढे हात जोडून उभा. "साहेब, मला काढून टाका की!"

त्यांनी ड्रॉवरमधून ती यादीच काढली. मी दोनदा वाचली, माझं नाव नव्हतंच. एक नाव मात्र खोडलेलं होतं.

"तुम्ही गेलात, म्हणून त्याला ठेवला. तुमच्याच जागी हाय आता."

फाटकाबाहेर त्यानंच मला गाठून चहा पाजला. "मालक, माझ्यासाठी नोकरी सोडली तुमी. असा त्यागी माणूस बघितला न्हाय."

मी मान खाली घालून म्हणालो, "चालायचंच."