पट्टीमागचा किनारा

पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम मी घरी पडवीत बसून करते. गाव कुणकेश्वराच्या बाजूला, दर्याला लागून. त्या आठवड्यात साहेबांना आमच्या प्रोग्रॅमच्या खिडकीची फक्त डावीकडची पट्टी दुधी काचेसारखी हवी होती, म्हणजे मागचं चित्र त्यातून अंधूक दिसेल. सगळी खिडकी धूसर करणं सोपं असतं. तेवढाच भाग करायचा तर त्याचा चौकोन वेगळा आखून द्यावा लागतो, आणि खिडकी सरकवली की धूसरपणा मागे रेंगाळतो. असल्या कामाचा मला पगार मिळतो, यावर बाबांचा अजून विश्वास बसलेला नाही.

बाबा तांडेल आहेत, होडीचं सुकाणू त्यांच्या हातात. मासेमारी बंद असल्यामुळे होडी वर ओढलेली होती आणि त्यांना करमत नव्हतं.

"दिसभर ह्याच करतंस गो?"

"बगा जरा. पट्टीच्या मागचा चित्र आणि भायरचा. फरक वाटता?"

मागचं चित्र म्हणजे मीच होडीतून काढलेला आमच्या किनाऱ्याचा फोटो. बाबांनी वाकून पाहिलं.

"सारख्याच दिसता."

चेष्टा करत असतील म्हणून मी धूसरपणा वाढवला. सारख्याच दिसता. कडेनं बघताना कळत नसेल म्हणून लॅपटॉप त्यांच्यासमोर फिरवला, आणखी वाढवला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी पट्टीमागचं गाव नुसतं हिरवं-तपकिरी पिठलं झालं, तरी उत्तर तेच, आणि चेहऱ्यावर हसू नाही.

मी खिडकी बंद केली. आता पडद्यावर फक्त फोटो होता, स्वच्छ.

"बाबा, देवळाचो कळस खंय आसा?"

आमच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडपं, म्हणजे खडक आहेत. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचा वड एका रेषेत आले की त्या रेषेतून होडी आत घ्यायची, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. अलीकडे देवळाच्या बाजूला मोबाईलचा टॉवर झालाय. त्याच्या रेषेत शिरलं तर होडी खडपावर जाते. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती आणि होडीत बाबांबरोबर चार जण असतात.

बाबांनी बोट टेकवलं. टॉवरवर.

"ह्यो मा?"

मला भीती वाटली. खोटं बोलावंसंही वाटलं, पण "नाय, तो टॉवर," एवढंच तोंडातून निघालं. मग मोतीबिंदू, सावंतवाडीचे डॉक्टर, हल्ली किती सोपं ऑपरेशन असतं, असं मी भराभर बोलत सुटले. बाबा ऐकत नव्हते. बोट अजून पडद्यावरच होतं.

मागच्या हंगामाच्या शेवटी आमची होडी खडपाला घासली होती. पुढे उभ्या असलेल्या खलाशानं उगाच आरडाओरडा करून वाट चुकवली, असं बाबांनी साऱ्या बंदरावर सांगितलं आणि त्याला कामावरून काढलं. पंधरा वर्षांचा जुना माणूस. त्यानंतर त्याला कुणी होडीवर घेतलं नाही.

"तो माका 'टॉवर, टॉवर' म्हणान वरडत होतो," बाबा म्हणाले.

ते उठले, दोरीवरचा शर्ट अंगात घातला. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाले. पायरी पायानं चाचपून उतरले आणि त्या खलाशाच्या घराच्या वाटेला लागले.