टाका म्हणून सही

बोईसरच्या बाजारात जवळच्या मुरबे गावची एक मावशी मासे विकते. तिच्याकडून बोंबील साफ करून घेत उभी होते, तेवढ्यात विरारच्या उपचार केंद्रातून फोन आला. सात वर्षांत तिथून मला फोन आला नव्हता. बोलणारी मुलगी म्हणाली, सरांचा फोन लागत नाही. लागणार कसा? माझा नवरा तारापूरच्या वीज प्रकल्पात, आत मोबाइल नेता येत नाही. मग तिनं विचारलं, "मॅडम, तुमचे दोन गर्भ आमच्याकडे गोठवून ठेवलेत. या वर्षीचा फॉर्म आला नाही. ठेवायचे की टाकायचे?"

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय, आमचं काही शिल्लक नाही. तिनं आमची नावं, जन्मतारखा वाचून दाखवल्या. सगळं बरोबर होतं.

मला सत्तेचाळिसावं लागलं होतं. तिशी उलटल्यावर उपचार सुरू केले आणि चाळिशीत थांबवले. तिसऱ्या वेळी बाळाचे ठोके ऐकू आले होते आणि नवव्या आठवड्यात बंद पडले. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, आता बास. त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. आता तर पाळीही दोन-तीन महिन्यांनी यायची.

मावशीनं सुरी खाली ठेवली. "काय झाला, ताय? कोन गेला काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. पिशवी तिच्याकडेच विसरून घरी आले.

नवरा पहिल्या पाळीवरून साडेतीनला परतला. बूट काढत असतानाच मी विचारलं. त्यानं नाकारलं नाही. एक बूट पायात तसाच ठेवून खुर्चीवर बसला. तिसऱ्या वेळचे उरलेले दोन गर्भ गोठवल्याचं केंद्रानं त्याला तेव्हाच सांगितलं होतं; कागदांवर मी न वाचताच सह्या केल्या होत्या. मी त्या दिवसांत कुणाशी बोलतच नव्हते. दर वर्षी सुट्टी काढून तो एकटा विरारला जायचा, सही करून यायचा. मला सांगायचा, मित्राकडे जातोय. या वर्षी सुट्टी मिळाली नव्हती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू बास म्हणाली होतीस. तुला परत त्यात ओढायचं नव्हतं. आणि टाका म्हणून सही करायला गेलो की हात चालायचा नाही."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. राग होताच, पण त्याहून जास्त मी हादरले होते. त्या दुःखातून आम्ही दोघं बाहेर आलोत असं मी धरून चालले होते. तो अजून तिथंच होता आणि एकाच घरात राहून मला पत्ता नव्हता.

तिसऱ्या दिवशी चहा ओतताना मीच म्हटलं, विरारला जाऊन येऊ. का म्हटलं, मला आजही नीट सांगता येत नाही. घाबरला तो. डॉक्टरबाईंनी हृदय, साखर, रक्तदाब सगळं तपासलं, आशा फार नाही हेही स्पष्ट सांगितलं. गोठवलेल्यांपैकी एक बाहेर काढल्यावर टिकला नाही. दुसरा माझ्या पोटात ठेवला.

दोन आठवड्यांनी, गर्भ राहिला का ते बघायला, पालघरच्या लॅबमध्ये रक्त दिलं आणि तिथंच थांबले. रिपोर्ट देणाऱ्याकडून मी आकडा तीनदा वाचून घेतला. बाहेर आले तर रिक्षास्टँड कुठल्या बाजूला, तेच आठवेना. वीस वर्षं मी या भागात राहतेय.

पाचवा महिना लागल्यावर सांगलीला सासूबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "कुणाला दिवस गेलेत?" मी म्हटलं, मला. मग त्यांनी दिराच्या हातात फोन दिला. मला हल्ली नीट ऐकू येत नाही, तूच बोल, म्हणाल्या.

आठव्या महिन्यात रक्तदाब चढला आणि सिझेरियन करावं लागलं. मुलगी. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. नवरा रोज पेटीबाहेर हात मागे बांधून उभा राहायचा, स्पर्श करायला सांगितलं तरी करायचा नाही.

ती आता वर्षाची आहे. मी पुन्हा शाळेत जाते. सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना एकदम लक्षात येतं, आपल्या घरी मूल आहे. खडू तसाच फळ्याला टेकलेला राहतो. मुलं विचारतात, बाई, पुढे?