विनिता मढवीची प्रदर्शनं

विनिता मढवी बी.कॉम. झाली आणि दुसऱ्याच महिन्यात भिवंडीजवळच्या पूर्ण्यातल्या एका गोदामात नोकरीला लागली. गोदाम घरापासून चालत सात मिनिटांवर. जिथे गोदाम होतं तिथे तिच्या लहानपणी शेजाऱ्यांचं भाताचं शेत होतं, पण त्याचं तिला फारसं काही वाटायचं नाही. गावातल्या सगळ्यांचंच तसं झालं होतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे भाऊंनीही शेतावर सहा गाळे बांधून भाड्याने दिले होते.

नोकरीचं काम म्हणजे मालाची नोंद. साबण, टायर, बाळांचे लंगोट, मिक्सर. पण त्या गोदामात मागच्या बाजूला एसी लावलेला एक गाळा होता आणि त्यात मुंबईच्या गॅलऱ्यांची चित्रं ठेवलेली असत. लाकडी खोक्यांत, उभी, एकापुढे एक. तिथे काम करायला कुणी राजी नसे. थंडी वाजते, फोनला रेंज नाही, आणि चित्राला ओरखडा पडला तर डोक्याला ताप. विनिता नवी होती म्हणून तिला तिथे टाकलं.

चित्र आलं की खोकं उघडायचं, पांढरे हातमोजे घालून ते बाहेर काढायचं, टॉर्च तिरपा धरून कोपरा न् कोपरा बघायचा आणि कंडिशन रिपोर्ट भरायचा. डावीकडे वर रंगाला भेग, दोन सेंटिमीटर. मागच्या कापडाला डाग. फ्रेमचा सांधा सैल. सात वर्षं तिने हे केलं. चित्रकलेचा एक धडा न शिकता तिने इतकी चित्रं इतक्या जवळून पाहिली, की कुठला चित्रकार घाई करतो आणि कोण मागच्या बाजूलाही नीट रंग लावतो, हे तिला समजायला लागलं.

मुंबईच्या एका गॅलरीतून मेघाली नावाची बाई दर तीन महिन्यांनी तपासणीला यायची. वयाने विनितापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, बोलायला तुटक. एकदा विनिताने एक खोकं बंद करताना तिला विचारलं, "मॅडम, हे आता परत कधी उघडणार?"

"विकलं गेलं तर."

"आणि नाही गेलं तर?"

मेघालीने तिच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी दोघी गोदामाबाहेरच्या टपरीवर तासभर चहा पीत बसल्या. प्रदर्शन मांडणं हेसुद्धा एक काम असतं, त्याला क्युरेटर म्हणतात आणि ते शिकताही येतं, हे विनिताला तिथे पहिल्यांदा कळलं. पुढच्या वर्षी मेघालीच्याच शिफारशीवर तिने मुंबईला दर शनिवारचा वर्षभराचा कोर्स केला. वर्गातल्या बाकीच्यांनी परदेशातली संग्रहालयं पाहिली होती. विनिताने एकही पाहिलं नव्हतं. पण चित्राची मागची बाजू कशी वाचायची, हे वर्गात तिलाच सांगावं लागलं.

कोर्स संपला त्याच वर्षी पावसाळ्यानंतर भाऊंचा पाच नंबरचा गाळा रिकामा झाला. नवा भाडेकरू तीन आठवड्यांनी येणार होता. विनिताने जेवताना विषय काढला.

"भाऊ, पाच नंबरचा गाला मना दे ना. वीस दिवस."

"तुना कनाला?"

"चित्रा लावाला."

भाऊंचा घास हातातच राहिला. "आनि बगाला कोन येनार? ट्रकवाले?"

"ट्रकवाले पन येतीन."

भाऊ हसले, पण चावी दिली. मेघालीने चार तरुण चित्रकार गाठून दिले, ज्यांना कुठलीच गॅलरी उभं करत नव्हती. त्यांतला एक होता कल्याणचा प्रितेश. विनिताने गाळा धुतला, ट्यूबलाइट बदलल्या आणि भिंतींना हात न लावता चित्रं लोखंडी खांबांना टांगली. मुंबईहून माणसं आली ती पहिल्या दिवशी तेवीस. नंतरचे एकोणीस दिवस आले ते हमाल, ड्रायव्हर आणि पॅकिंगच्या बाया, जेवणाच्या सुट्टीत, डबे हातात घेऊन. पॅकिंगला बसणाऱ्या जानकीबाई एका चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या उलटा टांगलाय."

"कशावरून?"

"रंगाचे ओघळ वर चाललेत. ओघळ वर कसे जातीन?"

विनिताने चित्रकाराला फोन लावला. जानकीबाईंचं खरं होतं. मुंबईच्या तेवीस माणसांतल्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. विनिताने ही गोष्ट नंतर पुष्कळ ठिकाणी सांगितली, आणि दर वेळी चूक आपण केली होती हेही सांगितलं.

दोन वर्षांनी तिने भिवंडी शहरात, अब्दुलशेठच्या कारखान्यात प्रदर्शन मांडायचं ठरवलं. अब्दुलशेठ जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले. आजोबांपासून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा धंदा. एकेकाळी चोवीस लूम होते, आता बारा उरले होते आणि निम्मा कारखाना मोकळा पडला होता.

"लगाव बेटा," ते म्हणाले. "पण माझे बारा लूम बंद होणार नाहीत. शिफ्ट चालू राहील."

विनिताला तेच हवं होतं. लूम चालू, कारीगर कामावर आणि पलीकडे चित्रं. मेघाली म्हणाली, "तिथे कापसाचं तूस किती उडतं, बघितलंयस का?" विनिताने बघितलं होतं. पडदा लावू, रोज ब्रशने झटकू, असं तिने ठरवलं होतं. आवाज, माणसं, वेगळी जागा यांत ती इतकी रमली होती, की सात वर्षं जे काम केलं त्यातली साधी शिस्त तिने बाजूला ठेवली. शिवाय चित्रं गुंडाळून आणायला गोदामातली सहा जाड ब्लँकेटं घेऊन गेली. विचारलं नाही. परत आणून ठेवायचीच आहेत, असं मनाशी म्हणाली.

प्रदर्शन गाजलं. एका वर्तमानपत्राने अर्धं पान दिलं, फोटोसकट. आणि नवव्या दिवशी तिने प्रितेशच्या मोठ्या चित्रावर टॉर्च तिरपा धरला. चित्रात अजून पुरतं न वाळलेल्या जाड तैलरंगाचा एक भाग होता. त्यावर तूस बसून चिकटलं होतं. खाली लूमच्या तेलाचे बारीक शिंतोडे. ब्रशने निघण्यातलं ते नव्हतं.

तिने तिथेच स्टुलावर बसून कंडिशन रिपोर्ट भरला. तसाच, जसा दुसऱ्यांच्या चित्रांचा भरायची. जागा, लांबी, रुंदी, खोली. शेवटी नुकसानीच्या कारणाचा रकाना होता. त्यात तिने लिहिलं : प्रदर्शन भरवणाऱ्या व्यक्तीचा निष्काळजीपणा. धोका आधी सांगितला गेला होता.

कागद घेऊन ती कल्याणला प्रितेशच्या घरी गेली. त्याने उभ्याउभ्या वाचला. मग परत वाचला.

"हे असं स्वतःबद्दल कुणी लिहितं का?"

"रकाना होता," विनिता म्हणाली.

"दुरुस्त होईल?"

"थोडं होईल. मुंबईत एक बाई करतात, मी बोलले आहे. पण पहिल्यासारखं होणार नाही."

प्रितेशने कागद घडी करून खिशात ठेवला. "तू चांगली आहेस," तो म्हणाला, "पण मी तुला परत चित्र देणार नाही." त्याने खरंच कधी दिलं नाही.

दुसरा फटका त्याच आठवड्यात बसला. वर्तमानपत्रातल्या फोटोत कोपऱ्यात ब्लँकेटांची चळत दिसत होती, आणि वरच्या ब्लँकेटवर कंपनीचं नाव छापलेलं. गोदामाचे मॅनेजर चांगदेव सज्जन माणूस. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला आणि विचारलं, "विनिता, ही आपलीच ना?"

"हो."

"कुणी परवानगी दिली म्हणू मी?"

"कुणीच नाही."

चांगदेवांना ते वर कळवावं लागलं. वरून पत्र आलं आणि तिची नोकरी गेली. घरी तिने आईला सांगितलं, भाऊंना आईने सांगितलं. दोन दिवसांनी भाऊ एवढंच म्हणाले, "सा ब्लँकेटा माज्याकडं मागायची व्हती." विनिताला रडू आलं ते तेव्हा.

पुढचं दीड वर्ष तिने कशेळीजवळ एका कुरियरच्या ठिकाणी शिफ्ट सांभाळली. खाडीवरच्या पुलावरून रोज ट्रकांच्या रांगेत अडकत जायचं, अडकत यायचं. मेघालीचे फोन थांबले होते. त्या रांगेत बसून तिने एकच गोष्ट पुन्हापुन्हा घोळवली : जागा आवडली म्हणून तिच्यात चित्रं कोंबली, ती तिथे राहू शकतील का हे विचारलंच नाही.

मग तिला धोंडूबाई आठवल्या. धोंडूबाई गावातल्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तांदळाच्या पिठाचा चौक मांडायचा आणि धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायची, हे त्यांचं काम. त्यांच्या हातची रेघ कधी थरथरत नसे. विनिता त्यांच्या ओटीवर जाऊन बसली. गाळ्यात चौक मांडाल का, लोक येऊन बघतील, ऐकतील.

धोंडूबाई मिसरी लावत होत्या. थुंकून आल्या आणि म्हणाल्या, "लगीन कोनाचा हाय?"

"लगीन न्हाय, आक्का. नुसता बगाला."

"मंग चौक कोनासाटी मांडू?"

विनिता चहा पिऊन उठली. पण या वेळी तिला नकाराचं वाईट वाटलं नाही. चौकाला लग्न लागतं, एवढं तिला पक्कं समजलं.

लग्न घरातच निघालं. तिचा धाकटा भाऊ धनेश याचं. विनिताने मंडपवाल्याला सांगून डीजेचे स्पीकर ओटीपासून लांब हलवले. धनेशचे मित्र चिडले. "बाई, तू मुंबईचा शानपना इथं करू नको," एक जण म्हणाला. तिने ऐकून घेतलं, स्पीकर मात्र हलवलेच. चौकाभोवतीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या काढून सतरंज्या अंथरल्या आणि डोळ्यांवर येणारा हॅलोजन बंद करून घेतला. बस्स. धोंडूबाई आल्या, बसल्या, चौक मांडला आणि गायला लागल्या. दर लग्नात गोंगाटात बुडून जाणारा तो आवाज त्या दिवशी शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचला. म्हाताऱ्या बायांनी मागून सूर धरला. धनेशच्या मित्रांनीही मोबाइल खाली ठेवले, निदान काही वेळ तरी.

मेघालीला तिने पत्रिका पाठवली होती. ती येईल असं वाटलं नव्हतं, पण ती आली आणि दोन तास मांडी घालून बसली. जेवताना म्हणाली, "याचा प्रोजेक्ट करूया. गावोगाव. बाईंचं नाव, माहितीची पाटी..."

विनिताने धोंडूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाटी कनाला? लगीन पोरांचा हाय."

"नको," विनिता मेघालीला म्हणाली. "हे इथेच बरं आहे." मेघालीने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यापासून तिचे फोन पुन्हा सुरू झाले.

दोन वर्षांनी अब्दुलशेठनी स्वतःहून बोलावलं. उरलेले बारा लूमही भंगारात जायचे होते. जागेवर इमारत होणार होती. "तुला कारखाना आवडायचा ना," ते म्हणाले. "महिनाभर रिकामा राहील."

विनिता एकटी गेली नाही. भिवंडीचीच मेहविश नावाची मुलगी होती, आवाज रेकॉर्ड करण्याचं शिकलेली. तिने लूम उचलण्याआधी सहा दिवस बसून एकेका लूमचा आवाज वेगळा टिपला. लूम गेले. फरशीवर बोल्टांची भोकं आणि तेलाचे काळे चौकोन राहिले. विनिताने एकही चित्र आणलं नाही. ज्या जागी जो लूम होता तिथे त्याचा आवाज लावलेला एक लहान स्पीकर ठेवला, एवढंच. फरशीसुद्धा पुसली नाही.

उद्घाटन शुक्रवारी ठेवलं, कारण भिवंडीत लूमला शुक्रवारी सुट्टी. जुने कारीगर आले, बरेचसे आता दुसऱ्या कारखान्यांत लागलेले. आधी दारात घुटमळले. मग एक जण आत शिरला आणि थेट आपल्या चौकोनावर जाऊन उभा राहिला. मागून दुसरा. हळूहळू सगळेच आपापल्या जागी. आणि मग वाद सुरू झाला.

"ये मेरा नहीं है. मेरा सात नंबर था, उसका पट्टा ढीला था, ऐसे नहीं बजता था."

मेहविशने वही पाहिली. सात आणि आठ नंबरचे स्पीकर अदलाबदल झाले होते. तिने ते बदलले. तो कारीगर कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हाँ. अब ठीक है."

अब्दुलशेठ दोन दिवस फाटकापाशी खुर्ची टाकून बसले, आत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. मध्यभागी उभे राहिले, टोपी नीट केली.

"आवाज थोडा कमी आहे," ते म्हणाले.

विनिताने वाढवला. त्यांनी बोटाने अजून थोडा, अशी खूण केली. तिने अजून वाढवला. मग दोघांनाही एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, आणि शेठ बराच वेळ तसेच उभे राहिले.

त्या प्रदर्शनाने विनिताचं नाव झालं. मुंबईच्या एका संस्थेने तिला गॅलरीबाहेरच्या जागा शोधायचं काम दिलं. आठवड्यातले तीन दिवस ती तिकडे जाते. व्याख्यानाला बोलावतात तेव्हा तिच्याकडे दाखवायला फोटो कमी असतात आणि सांगायला चुका जास्त. नवीन मुलांना ती पहिल्यांदा कंडिशन रिपोर्ट भरायला शिकवते, तो चित्राचा नव्हे, जागेचा. ओल कुठे आहे, धूळ कशाची आहे, दुपारी ऊन कुठवर येतं, इथे रोज कोण बसतं आणि आपण आल्यावर ते कुठे बसणार.

सगळंच जमतं असं नाही. गेल्या वर्षी कशेळीला खाडीकाठी केलेल्या मांडणीला पाच दिवसांत अकरा माणसं आली. त्यांतली चार रस्ता विचारायला.

सध्या ती खारबावला जाते आहे. स्टेशनपासून थोड्या अंतरावर एक बंद पडलेली भाताची गिरणी आहे. मालक साठीचे, संशयी. पहिल्या भेटीत त्यांनी दारही उघडलं नाही. दुसऱ्या भेटीत उघडलं. तिसऱ्या भेटीत विचारलं, "भिंतीला खिले ठोकनार काय?"

"नाही."

"आनि छप्पर गलतंय, त्याचा?"

"कुठे गळतंय ते आधी बघू. त्या जागी काही ठेवायचं नाही."

मालक आतून शिडी आणायला गेले.