पहिला दिवस कोणता

रस्त्यावरच्या मृत्यूंची देशभरातली नोंद आमच्या कार्यालयात होते. तिथल्या मुख्य कारकुनांना सगळे 'तीसदिवसे' म्हणत. अपघातानंतर तीस दिवसांत माणूस गेला तर तो अपघातात गेला, एकतिसाव्या दिवशी गेला तर आजारपणात. हा नियम काही त्यांनी केलेला नव्हता, पण पाळायचे असा की जणू घरचाच आहे.

त्यांचं नाव झालं ते एका परिपत्रकामुळे. अपघाताचा दिवस मोजायचा की सोडायचा, यावर वर्षानुवर्षं घोळ होता. तीसदिवसेंनी दोन ओळींत निकाल लावला: अपघाताचा दिवस हाच पहिला. मुदत एका दिवसाने आखडली आणि भिंतीवरच्या तक्त्यातली, अकरा वर्षं चढत आलेली रेघ त्या वर्षी पहिल्यांदा खाली वळली. त्रेचाळीस मृत्यू कमी! साहेबांनी भाषण ठोकलं, यांना प्रमाणपत्र मिळालं. एकाही रस्त्यावर साधा गतिरोधकसुद्धा बसला नव्हता, हे मला दिसत होतं. पण मी नोकरीत नवा होतो, तोंड मिटून टाळ्या वाजवल्या.

मग त्यांच्या ताईच्या यजमानांना मोटारीने उडवलं. भावोजी शिवणकाम करायचे. घरासमोरचा चौक ओलांडून दोरा आणायला निघाले होते. त्या चौकात तीन वर्षांत चार माणसं गेली होती. पाच झाली की चौक धोकादायक ठरतो आणि सिग्नल मिळतो, हाही आमचाच नियम.

तीसदिवसे रोज चार वाजता इस्पितळात जायचे. येताना चेहऱ्यावर दिवसाचा आकडा लिहिलेला असायचा. तिसाव्या दिवशी ते चक्क हसत आले.

"ताईला सांगून आलो, तीस पार पडले. आता काही भीती नाही."

इतकी वर्षं तो नियम राबवून बिचाऱ्यांना तो खराच वाटायला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी गेले.

पंधरवड्याने ताई कार्यालयात आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "यांचं नाव लाव. पाचवं. शिवणाचं दुकान आता मीच उघडते, रोज तो चौक ओलांडते."

"ताई, एकतिसावा दिवस होता गं."

"कुणी मोजले?"

"मी."

"अरे, पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते मशीनवर बसले होते. दुपारी तुला फोन केला होता त्यांनी. तो धडधाकट दिवस तू मरणात कसा धरलास?"

मला तीसदिवसेंची फार कीव आली आणि थोडा रागही.

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचं परिपत्रक रद्द करण्याची टिपणी लिहिली. साहेबांनी ती वाचून चष्मा काढला. "रेघ वर जाईल. तुम्हीच खाली आणलीत, आता तुम्हीच चढवणार?" टिपणी परत आली. तीसदिवसेंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ते त्या चौकात उभे असतात. हात वर करून गाड्या थांबवतात, ताईंना आणि जो कोणी असेल त्याला पलीकडे पोचवतात. मोटारवाले शिव्या घालतात, हे ऐकून घेतात. अडीच वर्षांत तिथे एकही माणूस गेलेला नाही.

मागच्या आठवड्यात सिग्नलसाठी ताईंचा अर्ज आला. शेवटी लिहिलं होतं, 'भावाचे गुडघे गेले आहेत. तो आता फार दिवस उभा राहू शकणार नाही.'

त्यांच्या खुर्चीवर सध्या मी बसतो. अर्ज दोनदा वाचला, नोंदी काढल्या आणि खाली शेरा लिहिला: 'एकूण मृत्यू चार. गेल्या अडीच वर्षांत एकही नाही. चौक सुरक्षित असल्याने सिग्नलची आवश्यकता नाही.'

साहेबांनी लगेच सही केली.