लाल थर

"वडारनीनं दगूड फोडायचा, शिकवायचा न्हाई." असं म्हणून मालकानं माझ्या तळहातावरचं लाल ढेकूळ काठीनं उडवलं. मग गड्याकडून एक काळा दगड माझ्या डोक्यावर ठेववला. "हितंच उभी ऱ्हा."

झरीच्या शिवारात त्यांच्या विहिरीचं काम चालू होतं. राज्य निजामाचं, पण झरीत मालक म्हणतील तो कायदा. नवरा खाली सुतकीचे, जड हातोड्याचे, घाव घालत होता. मी वर पाट्या ओढत होते. त्या दिवशी हैदराबादेहून दगडांचा अभ्यास करणारे एक साहेब आले होते. विहिरीत डोकावून ते मालकाला म्हणाले, "ये पत्थर कभी पिघला हुआ था." त्यांनी सांगितलं, आगीसारखा रस वाहिला, थिजून दगड झाला. लय काळानं त्याच्यावर दुसरा आला. मधली माती भाजून लाल झाली. तो लाल थर मी रोज बघत होते, पण तो का आहे हे तेव्हा कळलं. मला इतका आनंद झाला की बोलून गेले, "सायेब, ही लाल माती भिजलीय. चिमटीत पीठ व्हायलंय. वरचा काळा खाली बसंल."

एवढाच गुन्हा. साहेब मान खाली घालून वहीत लिहीत राहिले.

डोक्यावर दगड, मान हलवता येईना. डोळे तेवढे खाली. घाव बसला की लाल थरातून माती भुरभुरायची. खाली नवरा. मालकाची भीती होती, मातीची त्याहून जास्त. लुगड्यातच लघवी झाली. गडी हसले.

आमच्यात दगडाची पारख पुरुषानं करायची, बाईनं पाटी वाहायची. सकाळी सासऱ्यांनी दगड ठोकून आवाज ऐकला होता. "खणखणीत हाय," म्हणाले होते. त्यांनी काळा ठोकला. लाल ही मातीच, तिला कोण ठोकतंय?

मी डोक्यावरचा दगड मालकाच्या पायाशी टाकला. काठावर पालथी पडून ओरडले, "अवो, वर या. आत्ताच्या आत्ता."

नवरा दोरानं वर आला. तोवर माझ्या पाठीवर दोन काठ्या बसल्या होत्या.

त्या दिवशी काहीच कोसळलं नाही. "कुटं काय पडलं?" मालकानं विचारलं. सासऱ्यांनी खाली पडलेलं लाल ढेकूळ उचलून चिमटीत धरलं, त्याचं पीठ झालं. काम गेलं.

विहिरीच्या काठाशी मी अजून भिते. पण तेव्हापासून आमची माणसं उतरायच्या आधी लाल थर मी चिमटीत धरून बघते. मी हो म्हणत नाही तोवर सुतकी खाली जात नाही. मालक कुणीही असो.